घडीचा पुरावा: कागद दुमडण्याच्या कलेचं मूळ शोधताना

ओरिगामी हा शब्द जपानी, म्हणून कलाही जपानी, असा सरळ हिशेब आपण बहुतेक जण मांडतो. त्याला एक ठरलेली गोष्ट जोडलेली असते. कागद चीनमध्ये जन्मला, बौद्ध भिक्षूंनी तो सहाव्या शतकात जपानला नेला, जाताना घडीची कलाही नेली, आणि पुढे जपानने ती जगाला दिली. शाळेच्या प्रदर्शनातल्या फलकापासून मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांपर्यंत सगळीकडे हेच. हल्ली तिच्या शेजारी दुसरी गोष्टही फिरू लागली आहे: ही कला मुळात भारतातली, आपणच विसरलो! दोन्ही गोष्टी सांगणारे तितक्याच ठामपणे सांगतात, आणि पुरावा मागितला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मी आयुष्यभर पत्र्याचं काम केलं. पत्रा वाकवण्याआधी त्याची सपाट आकृती काढावी लागते, आणि वाकवलेला भाग पुन्हा सपाट केला तरी वाक कुठे होता ते दिसतंच. कागदाचं तेच आहे. घडी ही एक खूण आहे, आणि खूण म्हणजे पुरावा. त्या नजरेने या विषयाकडे बघितलं तर काय हाती लागतं ते इथे मांडतो.

आधी कागदाचं बघू. चीनच्या दरबारी इतिहासानुसार त्साय लुन या अधिकाऱ्याने इ.स. १०५ मध्ये कागद बनवण्याची रीत सम्राटापुढे मांडली. उत्खननात त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे त्साय लुन हा शोध लावणारा नसून सुधारणा करणारा. जपानचा जुना इतिहासग्रंथ 'निहोन शोकी' सांगतो की इ.स. ६१० मध्ये कोरियातल्या गोगुर्यो राज्यातून एक भिक्षू आला, त्याला रंग, कागद आणि शाई तयार करता येत होती. बस्स, एवढंच. घडीचं नावही त्या नोंदीत नाही. 'सहाव्या शतकात कला आली' हे विधान याच नोंदीला लावलेलं शेपूट आहे, आणि लावताना शतकही एकाने चुकलेलं आहे. चीनमध्ये मृतांसाठी जाळायच्या कागदी पैशांना सोन्याच्या लगडीचा आकार देण्याची चाल आहे, पण ती थेट जपानी बगळ्याची आजी असल्याचा धागा कुणी जोडून दाखवलेला नाही.

खुद्द 'ओरिगामी' या शब्दाची गंमत तर पुढेच आहे. 'ओरी' म्हणजे घडी, 'कामी' म्हणजे कागद, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जुन्या जपानी कचेऱ्यांत ओरिगामी म्हणजे खेळणं नव्हे, दस्तऐवज! पूर्ण ताव आडवा मधोमध दुमडून त्यावर लिहिलेला कागद. पुढे तलवारीच्या अस्सलपणाचा दाखला अशाच कागदावर देत, म्हणून आजही जपानीत 'ओरिगामी-त्सुकी' म्हणजे 'दाखल्यासकट', खात्रीचा. कागदाच्या खेळाला मात्र ओरिसुए, ओरिकाता अशी वेगळी नावं होती. 'ओरिगामी' हे नाव त्या खेळावर पक्कं बसलं ते एकोणिसावं शतक उलटताना आणि त्यानंतर.

आपल्या बडोद्याच्या मंडळींना हे ओळखीचं वाटायला हवं. इथल्या जुन्या पेढ्यांवरचे लाल बासनातले चोपडे ज्यांनी उघडले आहेत त्यांना ठाऊक आहे, की त्यांत रकान्यांच्या रेघा आखलेल्या नसतात. पान ठरावीक वेळा दुमडून सळ पाडलेले असतात आणि तो सळ म्हणजेच रकाना. मुनीमजींची घडी आणि जपानी कारकुनाची घडी यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण दोन्हीकडे कागदाची घडी आधी कचेरीत आली, खेळात नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जपानमध्ये घडीला दुसरं मोठं स्थान मिळालं ते शिष्टाचारात. मुरोमाची काळापासून इसे आणि ओगासावारा ही घराणी सामुराईंच्या रीतिभातींची जाणकार मानली जात. भेटवस्तू कोणती, ती कुणाला द्यायची, त्यावर कागद कसा दुमडायचा याचे नियम होते. भेटीला जोडायची 'नोशी' ही मुळात अबलोनी नावाच्या समुद्री शिंपल्याच्या मांसाची वाळवलेली पट्टी, घडीच्या कागदात गुंडाळलेली. लग्नात साकेच्या सुरयांना कागदी नर फुलपाखरू आणि मादी फुलपाखरू बांधत. १६८० च्या सुमारास इहारा साइकाकूच्या एका कवितेत अशा घडीच्या फुलपाखरांचा उल्लेख येतो, आणि ठामपणे कागदी घडीचीच म्हणता येईल अशा अगदी जुन्या नोंदींत तो मोडतो. इसे घराण्यातल्या सादाताकेने १७६४ मध्ये या सगळ्या वेष्टनांच्या घड्यांवर ग्रंथ लिहिला. तो छापला गेला मात्र १८४० मध्ये.

खेळाच्या घड्या याच काळात पुस्तकांत डोकावू लागतात. १७३४ मध्ये 'रानमा झुशिकी' नावाचं पुस्तक निघालं. ते खोल्यांमधल्या भिंतीच्या वरच्या बाजूला बसवायच्या जाळीच्या नक्षीकामाचं, सुतारांच्या कामाचं. त्या नक्षीत घडीचा बगळा आहे, कागदी पेटी आहे. आणि १७९७ मध्ये क्योतोत 'हिदेन सेन्बाझुरू ओरिकाता' आलं. करमणुकीच्या घडीकामाचं जगातलं सर्वांत जुनं छापील पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यात एकाच कागदाला योग्य जागी चिरा देऊन, एकमेकांना चोच किंवा पंख लावून उभे असलेले बगळे करायचे ४९ प्रकार आहेत. ते रचणारा गिदो हा कुवाना गावच्या एका बौद्ध मंदिराचा पुजारी. आजचे शुद्धतावादी 'कात्री लावली तर ती ओरिगामी नव्हे' म्हणतात. गिदोने कात्री लावलीच, आणि बिनदिक्कत लावली.

म्हणजे जपानचा दावा पोकळ नाही. पण तो सहाव्या शतकाचा नाही, सतराव्या-अठराव्या शतकाचा आहे. आणि नेमक्या त्याच काळात युरोपातही घड्या चालू होत्या.

युरोपातली सुरुवात कागदावर नाही, कापडावर दिसते. मातिया जिगर हा मूळचा बव्हेरियाचा माणूस इटलीतल्या पादुआत होता. त्याने १६२९ मध्ये मेजवानीच्या व्यवस्थेवर तीन प्रकरणांचं पुस्तक काढलं, त्यातलं एक प्रकरण पूर्णपणे रुमाल दुमडण्यावर. खळ घातलेल्या तागाच्या कापडाला बारीक चुण्या घालून मेजावर पक्षी, मासे, किल्ले, जहाजं उभी करायची. आपल्याकडे नऊवारीच्या निऱ्या चोपून बसवणाऱ्या बायकांना यातलं तंत्र सांगावं लागणार नाही! कागदाच्या बाबतीत एक नाजूक पुरावा इंग्लंडमधला आहे. जॉन वेबस्टरच्या 'डचेस ऑफ माल्फी' या नाटकात, जे १६१४ च्या आसपासचं आहे, पोरं माश्या कोंडायला कागदाचे तुरुंग करतात असा ओझरता उल्लेख येतो. फुंकर मारून फुगवायचा तो कागदी फुगा असावा असं अभ्यासक मानतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये छापलेल्या एका खगोलग्रंथात पाण्यावर कागदी होड्यांसारखं काही दिसतं, पण त्या खऱ्या होड्याच असाव्यात असंही म्हणता येतं. मी तो पुरावा धरत नाही.

मध्य युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचे धर्मपालक एक शुभेच्छापत्र देत. त्या चौकोनी कागदाचे चारी कोपरे मध्यावर आणून दुमडत, मग पुन्हा एकदा चारी कोपरे मध्यावर. आत बहुधा नाणं ठेवत. अशी पत्रं आजही तिथल्या संग्रहालयांत आहेत आणि घड्या जशाच्या तशा आहेत. न्यूरेंबर्गच्या जर्मानिक राष्ट्रीय संग्रहालयात १८१० च्या आसपासचे घडीचे घोडे आणि स्वार आहेत. स्पेनमधली 'पाहारिता' नावाची घडीची चिमणी याच कुळातली. मिगेल दे उनामुनो या मोठ्या लेखकाला तिचा इतका नाद, की १९०२ च्या कादंबरीला त्याने कागदी चिमण्यांच्या 'शास्त्रा'वरचं विनोदी परिशिष्ट जोडलं. स्पेनमध्ये ही कला अरबांनी आणली, असंही एक लोकप्रिय मत आहे. कागद अरबांनी आणला यात शंका नाही. घडीबाबत मात्र तिथेही तोच प्रकार: कागदाच्या नोंदीला कलेचं शेपूट.

आता येतो मुद्द्यावर. ही दोन कुळं वेगळी आहेत हे नुसत्या कागदपत्रांवरून नव्हे, घड्यांवरूनही दिसतं. कोशिरो हातोरी या जपानी अभ्यासकाने हे नीट मांडलं आहे आणि ते कुणालाही घरबसल्या तपासता येतं. कागदी होडी करा, पूर्ण उलगडा आणि सळ बघा. सगळे कोन ४५ किंवा ९० अंशांचे. पाहारिता, पवनचक्की, शुभेच्छापत्र, सगळ्यांचं असंच. आता बगळा करा आणि उलगडा. इथे कडा कर्णावर आणलेली आहे, म्हणजे ४५ चा कोन दुभागलेला आहे. जिकडेतिकडे साडेबावीस अंश. युरोपी घडी चौकटीच्या जाळीवर चालते, जपानी घडी कोन दुभागत जाते. जुनी जपानी कामं चिरा देतात, रंग भरतात, षटकोनी कागदही वापरतात. युरोपी कामं बहुतेक चौकोनावर आणि आयतावर भागवतात. कारखान्यात दोन वेगळ्या साच्यांतून निघालेले भाग शेजारी ठेवले की जसं ओळखू येतं, तसंच हे.

अर्थात नियमाला अपवाद आहेत. चारी कोपरे मध्यावर आणायची घडी अठराव्या शतकातल्या जपानी चित्रांतही दिसते. मला त्याचं नवल वाटत नाही. चौकोनी कागद हातात आला की कुणीही ती घडी शोधून काढेल. इतकंच काय, ती आपल्या प्रत्येकाच्या जन्मपत्रिकेत आहे. कुंडलीची चौकट आठवा: बाहेरचा चौकोन, दोन कर्ण, आणि बाजूंचे मध्यबिंदू जोडून झालेला आतला तिरपा चौकोन. एका कागदाचे दोन्ही कर्ण दुमडा, चारी कोपरे मध्यावर आणा, उलगडा. बारा घरं तयार! आतले चार चौकोन, बाहेरचे आठ त्रिकोण. मी हे मित्रांना दाखवलं तेव्हा एकाने लगेच 'बघा, ओरिगामी वैदिक आहे' असं जाहीर केलं. तसं नाही हो. पत्रिका लिहिणारे गुरुजी कागद दुमडून कुंडली काढत होते असा एकही दाखला माझ्यापाशी नाही. आकृती सारखी असणं आणि उगम एक असणं या दोन गोष्टी आहेत. एवढा फरक पाळला नाही तर इतिहास लिहायचं कारणच उरत नाही.

मग ही दोन कुळं एकत्र कधी आली? इथे फ्रेडरिक फ्रोबेल येतो. हा जर्मन शिक्षणतज्ज्ञ १७८२ मध्ये जन्मला, १८५२ मध्ये गेला. १८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', मुलांची बाग, हे नाव दिलं. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तू आणि हस्तकामं त्याने क्रमाने ठरवली, त्यात कागदाच्या घड्या होत्या. त्याच्या परंपरेत त्या तीन प्रकारांत शिकवत: ज्ञानाच्या म्हणजे भूमितीच्या, जीवनाच्या म्हणजे होडी, टोपी, पक्षी अशा ओळखीच्या वस्तूंच्या, आणि सौंदर्याच्या म्हणजे नक्षीच्या. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली. पण तोवर तिथे तयार झालेल्या शिक्षिका आणि फ्रोबेलचे अनुयायी देशोदेशी पोचू लागले होते.

ही पद्धत जपानमध्ये पोचली १८७६ मध्ये. तोक्योच्या महिला अध्यापन विद्यालयाला जोडून सरकारी बालवर्ग निघाला, आणि तिथली मुख्य शिक्षिका क्लारा मात्सुनो, जपानी गृहस्थाशी लग्न केलेली जर्मन बाई. म्हणजे जपानी मुलं शाळेत ज्या घड्या शिकू लागली त्यांतल्या बऱ्याच जर्मनीहून आलेल्या होत्या, आणि शेजारी आजीचा बगळा होताच. दोन्हींची भेळ झाली. पुढच्या पिढीला त्यातलं कुठलं कुठून आलं हे सांगता येईना, आणि सगळंच 'जुनं जपानी' ठरलं.

किंडरगार्टनची हीच लाट आपल्याकडेही आली, आणि तिचा एक धागा मराठीच आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, आणि अमेरिकेतल्या मुक्कामात त्यांनी फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात रमाबाईंचं हे अंग फारसं सांगितलं जात नाही.

दुसरा धागा मद्रासचा, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत दुर्लक्षित. १८९३ मध्ये मद्रासच्या ॲडिसन कंपनीने 'जिऑमेट्रिक एक्झरसाइझेस इन पेपर फोल्डिंग' हे इंग्रजी पुस्तक छापलं. लेखक तंडलम सुंदरराव, महसूल खात्यातले अधिकारी. पुस्तकाची कल्पना किंडरगार्टनच्या आठव्या क्रमांकाच्या संचावरून सुचली, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं आहे: वेगवेगळ्या रंगांचे २०० चौकोनी कागद, घडी दाबायची पट्टी आणि सूचनांच्या आकृत्या. लहान मुलांचा तो डबा या गृहस्थाने उघडला आणि त्यातून युक्लिड बाहेर काढला. पट्टी नाही, कंपास नाही. नुसत्या घड्यांनी समभुज त्रिकोण, सम पंचकोन, अष्टकोन, आणि पुढे पार शंकूच्या छेदांपर्यंत. फेलिक्स क्लाइन या नामवंत जर्मन गणितज्ञाने दोनच वर्षांनी आपल्या भूमितीवरच्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला. त्यावरून अमेरिकेतल्या बेमन आणि स्मिथ या प्राध्यापकांचं लक्ष गेलं आणि १९०१ मध्ये शिकागोच्या ओपन कोर्टने नवी आवृत्ती काढली. ते पुस्तक आजही छापलं जातं.

लेखकाच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आर-ओ-डब्ल्यू. आपल्या बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचंही तेच. माधवराव तंजावरकडचे मराठी, म्हणून सुंदररावांनाही मराठी ठरवून टाकायचा मोह होतो खरा. पण मद्रास इलाख्यात तेलुगू आणि कन्नड राव मंडळीही तेच स्पेलिंग करत. स्पेलिंगवरून मातृभाषा काढणं हे कुंडलीवरून ओरिगामी काढण्यासारखंच. मराठी असोत नसोत, त्यांचं काम मोठं आहे. घनमुळासारख्या रचना घडीने होणार नाहीत असं त्यांना वाटत होतं. १९३६ मध्ये मार्गेरिता बेलोक या इटालियन बाईंनी एकाच विशिष्ट घडीने घन समीकरण सुटतं हे दाखवलं. घडी पट्टी-कंपासच्या पुढे जाते, हे तेव्हा सिद्ध झालं. आज उपग्रहाचे पंख दुमडण्याच्या गणितावर जे लिहितात, ते मागे जाताना सुंदररावांपाशी थांबतातच. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव मी कधी वाचलेलं नाही.

पुढचा इतिहास बराच सांगितला गेला आहे, तो मी उरकतो. अकिरा योशिझावा, जन्म १९११, कारखान्यात काम करणारा माणूस. कामगारांना भूमिती समजावायला त्याने घड्या वापरल्या, आणि मग नोकरी सोडून आयुष्यच घडीला दिलं. १९५४ च्या त्याच्या पुस्तकातल्या तुटक रेघा आणि बाण आज जगभर वापरात आहेत. नकाशांची एक सामाईक भाषा मिळाल्यावर जपानी येत नसलेल्या माणसालाही जपानी घडी करता येऊ लागली. १९५५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं, १९५८ मध्ये लिलियन ओपनहायमर यांनी न्यूयॉर्कमध्ये केंद्र काढलं, आणि 'ओरिगामी' हा शब्द इंग्रजीत पक्का झाला. त्या एका शब्दाखाली मग न्यूरेंबर्गचे घोडेस्वार, स्पेनची चिमणी, किंडरगार्टनच्या अनाम शिक्षिका सगळे झाकले गेले. हे झाकण उघडण्याचं सर्वाधिक श्रेय डेव्हिड लिस्टर या इंग्लंडमधल्या वकिलाला. 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?' हा एकच प्रश्न तो पन्नास वर्षं विचारत राहिला. आमच्यासारख्या हौशांना हा माणूस जवळचा वाटतो.

आणि आपल्याकडचं काय? कागद आपल्याकडे जुना आहे. दौलताबादजवळचं कागझीपुरा, जुन्नर, पुण्याचा कागदीपुरा ही नावंच सांगतात. वाण्याची पुडी, वैद्याच्या चूर्णाची पुडी, अंगाऱ्याची पुडी या तीन वेगवेगळ्या घड्या आहेत, आणि दोरा किंवा डिंक न लावता त्या मिटून राहतात. कागदाआधीचा पानाचा विडा आहेच. इसे सादाताकेने नेमक्या अशाच वेष्टनांवर ग्रंथ लिहिला म्हणून ती आज 'कला' आहे. आपल्या पुडीवर कुणी लिहिलं नाही, म्हणून ती पुडी राहिली. प्लास्टिकच्या पिशव्या आल्यावर ती बांधणारे हातही कमी होत चालले आहेत. ज्यांना येते त्यांच्याकडून घड्यांचा क्रम आकृत्यांसह उतरवून घ्यावा असं मी मंडळात सुचवलं आहे, आणि तीन जणांनी नावं दिली आहेत.

एक विनंती मात्र घरोघरी जुनी कागदपत्रं असलेल्या सगळ्यांना. मोडी पत्रांची छायाचित्रं घेताना मजकूर नीट यावा म्हणून ती पुस्तकांखाली दाबून, काही ठिकाणी तर चक्क इस्त्री फिरवून सपाट केली जातात. अक्षरं वाचतात, पण पत्र किती पदरी दुमडलं होतं, कुठली बाजू बाहेर होती, पत्ता कोणत्या घडीवर होता, हे कायमचं जातं. सपाट करण्याआधी मिटलेल्या अवस्थेतलं एक छायाचित्र घ्या, दुसरं अर्धवट उलगडून, आणि मागच्या बाजूचं तिसरं. सळ कुठे उठावाचा आणि कुठे खोलगट आहे ते पेन्सिलीने वेगळ्या कागदावर टिपून ठेवा. मूळ कागदावर काही लिहू नका.